एक लिटर, सीलबंद

पटले बाई गेल्या तेव्हा त्यांच्या घरात दारूची एकही बाटली नव्हती. मात्र चौदा देशांत दारू घेऊन जाण्याचे नियम होते. चौदा हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. त्यांच्या पुतण्याने घर आवरायला मला बोलावलं, तेव्हा कपाटातून बुटांची चौदा खोकी मीच खाली काढली. प्रत्येकावर देशाचं नाव, आत कागद, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ते कागद शेवटचे कधी तपासले त्याची तारीख. दारूखेरीज लोणचं, तूप, औषधं, सोनं यांचेही कागद होते. पण सगळ्यात जाड गठ्ठा प्रत्येक खोक्यात दारूचाच. बाई म्हणायच्या, "भाऊ, माणूस कोणत्याही देशाचा असो, बाटलीचं नाव काढलं का सरकार सावध होते."

गोंदियात आमची दोन घरं एका भिंतीने जोडलेली. मी पाटबंधारे खात्यात तलावांच्या मोजमापाचं काम करतो, म्हणून बाईंना माझ्याविषयी थोडा विश्वास होता. थोडाच. मी एखादा आकडा सांगितला की त्या विचारत, "पाहून सांगता का आठवून?" आठवून असेल तर त्या लिहून घेत नसत.

त्यांनी एकतीस वर्षं एका तांदळाच्या गिरणीत काम केलं. गिरणीचा माल परदेशी जायचा आणि त्याचे सगळे कागद बाई तयार करायच्या. लग्न केलं नव्हतं. का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर घराच्या ओसरीवर एक टेबल टाकलं आणि सकाळी आठ ते अकरा तिथे बसू लागल्या. आपल्या जिल्ह्यातली पोरं-पोरी आता कुठे कुठे जातात! कुणी परिचारिका, कुणी जहाजावर, कुणी तेलाच्या विहिरीवर. त्यांचे आईबाप पासपोर्टचा अर्ज, व्हिसाचे कागद घेऊन बाईंच्या ओसरीवर येत. बाई कुणाकडून काही घेत नसत. फक्त एक अट असे: झेरॉक्स दोन्ही बाजूंची हवी, मागची बाजू कोरी असली तरी.

"कोऱ्या बाजूची कायले?" एकदा एकाने वैतागून विचारलं.

"कोरी हाये हे दाखवाले," बाई म्हणाल्या.

वाचायची त्यांची पद्धत मी अनेकदा पाहिली. ओळीखाली स्टीलची पट्टी धरायची आणि एक-एक ओळ खाली सरकवायची. नियम तीनदा वाचायचा. पहिल्यांदा काय मनाई आहे ते, दुसऱ्यांदा कुणाला मनाई आहे ते, आणि तिसऱ्यांदा, त्यांच्याच शब्दांत, "हा नियम कोणाच्या भीतीतून आला ते." नियम म्हणजे कुणाची तरी जुनी भीती असते असं त्यांचं मत होतं. कुणी तरी कधी तरी विषारी दारू पिऊन मेलं म्हणून सील. कुणी बॅगा भरभरून आणून विकली म्हणून मापाची मर्यादा. "भीती समजली का रस्ता सापडते," असं त्या म्हणत, आणि बऱ्याचदा त्यांना तो सापडतही असे.

ही शिस्त कुठून आली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. एका वर्षी त्यांच्या गिरणीचा तांदूळ परदेशी बंदरावरून परत आला. तांदूळ उत्तम होता. तांदळाचा एकूण एक कागद बरोबर होता. पण पोती ज्या लाकडी चौकटींवर रचली होती, त्या लाकडाला भट्टीत तापवल्याचा शिक्का नव्हता. लाकडात कीड असू शकते, ती आमच्या जंगलात जाईल, असं त्या देशाचं म्हणणं. मालक बाईंना काही बोलला नाही. बाईच स्वतःला बोलल्या. "तांदळाचा नियम वाचला, भाऊ. लाकडाचा नाही वाचला." इतक्या वर्षांनीही हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता.

त्या दिवसापासून त्या शेजारचा नियमही वाचू लागल्या. म्हणजे कुणी तूप न्यायचं म्हटलं तर तुपाचा नियम, डब्याचा नियम, आणि डबा ज्या पिशवीत आहे त्या पिशवीचाही.

मला याचं महत्त्व पटलं ते माझ्या मेहुण्यामुळे. तो आखातातून पुढे दुसऱ्या देशात कामासाठी चालला होता आणि विमानतळावरच्या दुकानातून साहेबासाठी एक भारी बाटली घेणार होता. मी त्याला सांगितलं, बिल जवळ ठेव, एका लिटरच्या आत असू दे, काही होत नाही. आकडा मी पाहून सांगितला होता. बाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि विचारलं, "विमान कोठी बदलते त्यांचं?"

"आखातात. पण तिथे उतरायचं नाही बाई, फक्त विमान बदलायचं."

"माणूस नाही उतरत. पिशवी उतरते ना? तेथी पुन्हा तपासते. दुकानाची ती सीलबंद पिशवी मधात फाडू नका म्हणा."

मी मेहुण्याला हे सांगितलं का? सांगितलं, पण हसत सांगितलं. त्याने विमानात बाटली पाहण्यासाठी पिशवी फाडली. विमान बदलताना, रांगेतल्या सगळ्यांसमोर, ती बाटली कचऱ्याच्या डब्यात गेली. त्याचा फोन आला तेव्हा बायको मला म्हणाली, "तुम्ही तलावाचं पाणी मोजा. बाटलीतलं बाईंना मोजू द्या."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. देशाचं नाव मात्र लिहीत नाही. नियम बदलत असतात, आणि माझ्या लिखाणावर विसंबून कुणी बाटली घेऊन निघालं तर बाईंना ते आवडलं नसतं.

सालेकशाच्या पुढे जंगलाला लागून एक गाव आहे. तिथले सोमाजी मडावी एका सकाळी बाईंच्या ओसरीवर आले. साठीचे, काटक, डोक्याला गमछा. त्यांची मुलगी सरिता परदेशात परिचारिका. तिच्या बाळंतपणासाठी सोमाजींची बायको सुगनाबाई तिकडे गेली होती. नात झाली, सगळं नीट झालं, आणि तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या घरामागच्या अंगणात कपडे वाळत घालताना सुगनाबाई पडली. पडली ती उठलीच नाही. अग्नी तिकडेच दिला. जावई राख घेऊन आला आणि इकडचे विधी झाले.

"मंग आता काय राहिलं, मडावी दादा?" बाईंनी विचारलं.

"ते जेथी पडली तेथी आपल्या मोहाचं सोडलं नाही कोनी," सोमाजी म्हणाले. "जमिनीले मोहाचं देल्याबिगर ते पूर्वजात कशी मिळल? ते तेथीच उभी हाये बाई. परक्या अंगनात. तेथची भाषाबी नाही येत तिले."

सगळ्या गोंड घरांत हीच रीत असते का, मला माहीत नाही. सोमाजींच्या घरी होती. जन्माला, लग्नाला, मरणाला मोहाच्या दारूचे थेंब जमिनीला द्यायचे, आणि माणूस जिथे कोसळलं त्या जागी तर द्यायचेच. मुलीने तिकीट पाठवलं होतं. प्रवासाला पाच आठवडे होते. त्यांना एवढंच हवं होतं: आपल्या झाडाची मोहाची दारू, वाटीभर, त्या अंगणापर्यंत.

सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. ओसरीवर बसलेला एक जण म्हणाला, "अरे दादा, खोबरेल तेलाच्या शिशीत भर ना, कोन पाहते!" दुसरा म्हणाला, मोह पाण्यासारखा दिसतो, पाण्याच्याच बाटलीत न्या. खुद्द माझ्या बायकोने खोकल्याच्या औषधाची बाटली सुचवली. खोटं कशाला बोलू, मलाही तो उपाय बरा वाटला होता.

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. "दादा, तुमी कधी बायकोले चोरून काही देल्लं का?"

सोमाजी पहिल्यांदा हसले. "मी नाही. तेच देत होती मले चोरून. सासऱ्याच्या माघारी."

"ते तिचं प्रेम झालं. पण हे तुमी तिच्या नावानं जमिनीले देऊन राहिले. चोरीचं कसं द्यान? अन् पकडलं तं पोरीची नोकरी हाये तेथी. तिच्याच घरी चालले म्हणून नाव लिवलं हाये कागदावर. आठ दिवस द्या मले."

आठ दिवस बाईंच्या ओसरीवर दुसरं काम झालं नाही. मी संध्याकाळी जात असे. त्यांनी चार वेगवेगळे नियम एकाखाली एक मांडले होते. त्या देशाचा: सज्ञान प्रवाशाला एक लिटरपर्यंत दारू, बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव, माप आणि तीव्रता, आणि उतरल्यावर स्वतःहून दाखवायची. विमान कंपनीचा: दुकानातून घेतलेली, न उघडलेली, ठरावीक तीव्रतेच्या आतली, आणि हातातल्या नव्हे, मोठ्या बॅगेत. आपल्या राज्याचा: घरी गाळायचीच नाही. आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशाचा: तिथे मोहाची दारू परवान्याने गाळून, बाटलीत भरून विकता येते.

आठव्या दिवशी सोमाजी आले तेव्हा बाईंनी विचारलं, "दादा, तुमच्या गावची मोहाची दारू किती टक्क्यांची राहते?"

"टक्के नाही मालूम. काडी लावली का निळं जळते."

बाईंनी कागदावर खरोखर लिहिलं, 'निळं जळते'. मग त्या म्हणाल्या, "दादा, हे खरं हाये, पण लेबलावर चालत नाही. गावची दारू नाही जाऊ शकत. पलीकडची परवान्याची बाटली जाते."

सोमाजी हळूच म्हणाले, "ते कोनाच्या झाडाची राहील, बाई? सुगनानं चैतात येचलेली फुलं घरी पडून हायेत. तिच्या हातची. तेच शेवटची. बाजारातल्या बाटलीनं ते ओळखन का मले?"

मला वाटलं, संपलं. नियम एकीकडे आणि माणूस एकीकडे. अशा वेळी सरकारी माणूस "नियमात बसत नाही" म्हणतो आणि चहा मागवतो. मी स्वतः म्हटलेलं आहे. बाईंनी पट्टी पुन्हा कागदावर ठेवली आणि एका ओळीखाली धरून मला दाखवली. बाटलीवर लॉट क्रमांक असला पाहिजे, म्हणजे कोणत्या खेपेला गाळलेली आहे तो आकडा.

"भाऊ, हा आकडा काऊन लिवतात?"

"बाटलीत काही खराब निघालं तर कोणत्या खेपेतली ते शोधायला."

"म्हणजे सरकारलेच जाणून घ्यायचं हाये, ही बाटली कोणत्या फुलांची." बाई सोमाजींकडे वळल्या. "किती फुलं हायेत घरी?"

"एक पोतं. चाळीसेक किलो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सीमेपलीकडच्या बायकांच्या एका गटाला फोन लावला. परवाना घेऊन मोहाची दारू गाळणारा गट. फुलं ते गावकऱ्यांकडूनच विकत घेत. बाईंची मागणी एवढीच: सोमाजींची फुलं रीतसर विकत घ्या, पण दुसऱ्या फुलांत मिसळू नका. त्यांचीच एक खेप, तिचा वेगळा लॉट. गटाची अध्यक्ष आधी म्हणाली, इतक्या थोड्या फुलांसाठी भांडं चढवायचं? बाईंनी तिला परक्या अंगणात उभ्या असलेल्या सुगनाबाईची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "भेज दो दीदी. भट्टी अलग लगाएँगे."

पोतं गेलं. फुलं भिजली, आंबली, गाळली गेली, तपासली गेली. त्या लॉटच्या सोळा बाटल्या भरल्या. साडेसातशे मिलिलिटरच्या सोळा, म्हणजे बारा लिटर. एक बाटली सोमाजींनी घेतली. आपल्या राज्यात ती आणण्याचा परवानगीचा कागद बाईंनी आधीच काढून ठेवला होता. त्यावर लिहिलं होतं, एक बाटली. उरलेल्या पंधरा विक्रीला गेल्या. प्रवासाला सहा दिवस राहिले होते, आणि मी माझ्या बायकोला सांगत होतो की या बाईने पुस्तकातल्या नियमातून सुगनाबाईच्या हातची फुलं शोधून काढली.

त्याच दुपारी सोमाजी आले. पळसाच्या पानावर ठेवलेली बाटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. बाईंच्या पुढे ती ठेवली आणि अभिमानाने म्हणाले, "घरी आनली. गावानं पाह्यली. समद्यायनं हात लावला."

मी बाटलीकडे पाहिलं. आतली दारू गळ्यापासून दोन बोटं खाली गेली होती. झाकणावरचं सील फाटलेलं होतं.

"दादा," मी म्हणालो, "उघडली तुम्ही?"

"मंग?" सोमाजींना प्रश्नच कळला नाही. "मोह घरात आला तं पहिले धरतीले द्यावा लागते ना. न देता कसा नेईन? पहिले इथच्या धरतीले, मंग तेथच्या."

मी नियम बोलून दाखवणार होतो. न उघडलेली, सीलबंद. जिभेवर शब्द होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसलो. त्यांनी बाटली जवळ ओढली आणि फाटलेलं सील बोटाने सरळ केलं.

"चूक माझी हाये, दादा," त्या म्हणाल्या. "मी चार नियम वाचले. तुमचा नाही वाचला."

मग सोमाजींना त्यांनी सगळं समजावलं. त्यांच्या हातातली बाटली जाऊ शकत नाही हे कळल्यावर तो माणूस ओसरीच्या पायरीवर बसला आणि गमछ्यात तोंड लपवलं. पंधरा बाटल्या विकायला गेल्या होत्या. फुलं संपली होती. सुगनाबाईच्या हातचं जे काही शेवटचं होतं ते आता कुठल्या तरी दुकानाच्या फळीवर, कुणाच्याही पाहुण्यासाठी ठेवलेलं होतं.

बाई उठल्या. "भाऊ, उद्या सुट्टी टाकता का?"

मी टाकली. आधी आम्ही परवानगीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुमचा एका बाटलीचा कागद मागेच झाला ना?"

"ती एक बाटली आली. तिचं सील फुटलं. आता दुसरी आणायची हाये, तं दुसरा कागद."

"अहो, लोक खिशात घालून आणतात. एका बाटलीसाठी दोनदा येणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"ते लोक सीमेच्या अलीकडेच पितात साहेब. ही बाटली लय दूर जाऊन राहिली. हिच्या मागं एकही प्रश्न राहिला नाही पाहिजे."

साहेबांनी सही केली. उभं राहून केली, हे मी पाहिलं.

तिथून बसने सीमेपलीकडे. पंधरांतल्या शेवटच्या काही बाटल्या ज्या दुकानात गेल्या, त्याचं नाव गटाने दिलं होतं. ज्या दारूच्या वासाने बाई पदर नाकाला लावत, त्या दारूच्या दुकानासमोर त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढेमागे सगळे पुरुष. मला फार अवघडल्यासारखं झालं. बाईंना अजिबात नाही. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी लॉट क्रमांकाची चिठ्ठी पुढे केली.

दुकानदार म्हणाला, "अम्मा, महुआ चाहिए तो ये लो. सब एक ही है."

"सब एक नहीं है भैया. मुझे ये नंबर चाहिए."

"नंबर कौन देखता है?"

"मैं देखती हूँ. सब बोतल बाहर रखो, मैं बाजू में खड़ी होकर पढ़ूँगी. तुम धंधा करते रहो."

दुकानदाराने नाइलाजाने बाटल्या काढल्या. लॉट मिसळलेले होते. मी मोजल्या: एक्केचाळीस. बाईंनी पिशवीतून पट्टी काढली आणि एक-एक लेबल वाचायला सुरुवात केली. रांगेतला एक तरुण म्हणाला, "अम्मा, इतना पढ़ लेतीं तो कलेक्टर बन जातीं!"

बाईंनी मान वर केली नाही. "बन जाती तो आज यहाँ कौन पढ़ता?"

रांग हसली. तरुणही हसला. पाचव्या-सहाव्या बाटलीनंतर मात्र कुणी हसेना. एकाने मला हळूच विचारलं, काय शोधतायत? मी दोन वाक्यांत सांगितलं. ती गोष्ट रांगेत मागे मागे गेली, आणि पाहता पाहता सुगनाबाईचं नाव घेत दोन-तीन जणांनी बाटल्या उजेडात धरून क्रमांक वाचायला सुरुवात केली. एक पोक्त माणूस घाईत म्हणाला, मिल गया! बाईंनी पट्टी लावून पाहिलं. शेवटचा आकडा वेगळा होता. "नहीं भैया. ये पड़ोसी है."

सदतिसावी बाटली. बाईंनी लेबल तीनदा वाचलं. मग सील बोटाने सगळीकडून चाचपलं, तीव्रता वाचली, माप वाचलं, आणि बाटली माझ्या हातात दिली. "तुमी वाचा. मी आता आठवून वाचून राहिली असंन."

मी वाचलं. पाहून वाचलं. तोच लॉट होता.

जाण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी सोमाजींना एक कागद दिला. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. काय आहे, किती आहे, किती तीव्रतेचं आहे, कुणी बनवलं. शेवटची ओळ होती, कशासाठी. त्यासमोर त्यांनी लिहिलं होतं: जमिनीवर ओतण्यासाठी. मुलीच्या नवऱ्याने फोनवर काळजी केली की स्वतःहून दाखवलं तर प्रश्न विचारतील. बाई म्हणाल्या, "विचारू द्या. त्याच्यासाठीच बसवलं हाये त्यायले." तिकडे सार्वजनिक जागेत दारू उघडता येत नाही, घराच्या अंगणात येते, हेही त्यांनी वाचून ठेवलं होतं. आणि सोमाजींना बजावून सांगितलं, "धरतीचं देणं इथं झालं. आता ही बाटली तेथच्या अंगणातच उघडायची. मधात कोणतीबी धरती आली तरी."

पुढचं सोमाजींनी परत आल्यावर सांगितलं. उतरल्यावर त्यांनी बाटली आणि कागद सरळ पुढे केला. तिथल्या अधिकाऱ्याने कागद वाचला, बाटली फिरवून पाहिली, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. सोमाजींना भाषा येत नव्हती. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं, तोंडाकडे हात नेऊन नाही अशी मान हलवली, आणि खाली वाकून तळहात विमानतळाच्या फरशीला टेकवला. अधिकाऱ्याने दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी कागद पुन्हा वाचला. मग पहिल्याने बाटली सोमाजींच्या हातात परत दिली. "दोन्ही हातानं देल्ली, बाई," सोमाजी म्हणाले. "दोन्ही हातानं."

बाईंना हे ऐकायला मिळालं नाही. सोमाजी परत येण्याच्या आधीच, मी कामासाठी तिरोड्याला असताना, त्या झोपेतच गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या रविवारी, दुपारी. मी गच्चीवर पाण्याची टाकी पाहायला चढलो होतो. खाली बाईंच्या अंगणात त्या फोन समोर धरून उभ्या होत्या. फोनमधून सोमाजींचा आवाज येत होता, आणि मागे लहान पोरीचं रडणं. "बाई, दिसून राहिलं का? हेच ते अंगन. आता सोडून राहिलो."

बाईंनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, डोक्यावरून पदर घेतला, आणि तापलेल्या मातीवर अनवाणी उभ्या राहिल्या. फोनमधला आवाज थांबला. बाई हलल्या नाहीत. पलीकडचं अंगण त्यांना दिसत होतं. मला फक्त त्या दिसत होत्या. बऱ्याच वेळाने त्या वाकल्या, समोरच्या मातीवर हलकेच हात ठेवला, आणि तिथे कुणी उभं असावं तसं एक पाऊल मागे सरकून वाट करून दिली.